पानिपतानंतरची दहा वर्षं

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबादहून आलेले मराठी व्यावसायिक बंधू-भगिनी आणि राजेंद्रनगर-मुखर्जीनगरमधले माझे विद्यार्थी मित्रहो,

या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, मी आपला ऋणी आहे. आज मला अपयशाच्या भीतीबद्दल बोलायचं आहे.

कुणी पुरता हरला की आपण म्हणतो, ‘त्याचं पानिपत झालं.’ ते पानिपत दिल्लीपासून नव्वदेक किलोमीटरवर, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच आहे. १४ जानेवारी १७६१ ही तारीख आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण त्या रणातून पायाला जबर जखम घेऊन वाचलेले महादजी शिंदे दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, दिल्ली घेणाऱ्या मराठी सरदारांत होते. जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलम मराठ्यांच्या आधाराने राजधानीत परतला. महादजींचा पाय मात्र जन्मभर अधू राहिला. १७८७ मध्ये लालसोटला त्यांना पुन्हा माघार घ्यावी लागली; पुढच्याच वर्षी त्यांची फौज दिल्लीत परतली. पराभवासाठी आपल्याकडे वाक्प्रचार आहे. पुढच्या त्या दहा वर्षांसाठी एकही नाही.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी इथे आला आहात. लाखो अर्ज येतात, निवड साधारण हजारेक जणांची होते. खुल्या प्रवर्गाला सहा संधी मिळतात. मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ अशा २०२५ गुणांच्या हिशेबात चार-दोन गुणांनी माणूस यादीबाहेर राहतो. त्या गुणांचं दुःख होणारच. भीती मात्र वेगळ्याच गोष्टीची असते: आता घरी काय सांगू?

ती भीती मी अनुभवली आहे. १९९४ साली मी याच परीक्षेच्या शेवटच्या प्रयत्नात हरलो. निकाल पाहून करोलबागेतल्या एसटीडी बूथमध्ये शिरलो. वडील फोनवर आले. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते आणि मी म्हणालो, “बाबा, निकाल लांबलाय.” अकरा दिवस मी ते खोटं ओढलं. खानावळीत गेलो नाही, मित्रांना टाळलं. बाराव्या दिवशी खरं सांगितलं. वडील एवढंच म्हणाले, “जेवलास का?” त्या रात्री मी पोटभर जेवलो. पंधरवड्यात नोकरी शोधायला लागलो. परीक्षेने माझा एक दिवस घेतला होता, लपवण्याने अकरा.

पुढे व्यवसायात हेच पाहत आलो. निविदा हातची गेली, प्रकल्प रखडला, बढती हुकली, तरी माणूस सावरतो. पण चूक वरिष्ठांना सांगायची हिंमत झाली नाही, की आठवड्यात निस्तरणारी गोष्ट वर्षभर कुजते. म्हणून तरुणांना माझं सांगणं आहे: पडलात तर त्याच दिवशी एका तरी माणसाला सांगा. पुढचा प्रयत्न करायचा की वाट बदलायची, हे नंतर शांत डोक्याने ठरवा. वाट बदलणं म्हणजे पळ काढणं नव्हे.

आणि आपण ज्येष्ठांनी काय करावं? पानिपतावर जखमी पडलेल्या महादजींना राणेखान नावाच्या भिश्त्याने आपल्या बैलावर घालून सुखरूप आणलं, असं सांगतात. महादजींनी त्याला भाऊ मानलं. १७८८ मध्ये रोहिला गुलाम कादिरच्या तावडीतून दिल्ली सोडवणाऱ्या फौजेचा सरदार हाच राणेखान होता. महादजी स्वतःच्या हिमतीवर उभे राहिले हे खरं, पण रणातून त्यांना कुणीतरी उचललंही होतं.

आपली मंडळं दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतात. तो व्हायलाच हवा. त्याच व्यासपीठावर पुढच्या वर्षीपासून एक सत्र ठेवू या. त्यात आपण ज्येष्ठ, हुद्दा बाजूला ठेवून, आपण कुठे पडलो आणि कुणी उचललं ते नावागावासह सांगू. माझा एसटीडी बूथ आज सांगितला. तुमचाही कुठेतरी असेल. तो ऐकून राजेंद्रनगरच्या खोलीतला एक मुलगा जरी आज रात्री घरी खरा फोन करू शकला, तरी ही परिषद भरवल्याचं सार्थक होईल.