मेहनताना ठरला, काम किती?

नोकरी न पत्करतां घरीं बसून भाषांतर, चित्रें, हिशेब किंवा संगणकाचीं कामें करणारी तरुण मंडळी आतां शहरोशहरीं दिसते. कामें सुटीं मिळतात; त्यामुळें एका महिन्यांत झोप नाहीं, तर दुसऱ्यांत घरभाड्याची विवंचना. यावर तोड म्हणून कांहीं ग्राहक दरमहा ठरीव रक्कम देऊं करितात. तिला रिटेनर म्हणतात. वकिलांत ही चाल जुनीच आहे.

शब्द परका असला तरी कल्पना आपणांस अनोळखी नाहीं. गांवगाड्यांत सुतार-लोहारांनीं वर्षभर कुणब्याची नड भागवावी आणि सुगीला खळ्यावर बलुतें घ्यावें, अशी रीत होती. पोटाची कांहीं शाश्वती होती खरी. पण कामाला माप कोठें होतें? लोहाराला फाळ तरी मोजतां येत. महारांस मात्र सांगावे पोंचविणें, अंमलदारांच्या दिमतीस राहणें, अशा कामांसाठीं रात्रीं-अपरात्रीं केव्हांही बोलावणें येई आणि तो घरीं नसला तर घरच्या माणसाला जावें लागे. १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत मांडलें, तेव्हां या चोवीस तासांच्या चाकरीवरच त्यांनीं बोट ठेविलें. अखेर १९५८ च्या कायद्यानें तीं वतनें रद्द झालीं. जन्मानें लादलेल्या त्या सक्तीची आणि आजच्या स्वखुशीच्या कराराची बरोबरी कोणी करूं नये. परंतु मोबदला ठरलेला आणि काम बेमाप, हा दोष ओळखावयास तेथेंच शिकतां येतें.

म्हणून रकमेपूर्वीं माप लिहावें. समजा, भाषांतरकार आहे: महिन्यास वीस हजार शब्दांपर्यंत इतके रुपये, पुढील शब्दांस निराळा दर, उरलेले शब्द फार तर पुढच्या एका महिन्यापर्यंत चालतील. ग्राहकानें कांहींच काम पाठविलें नाहीं तरी पैसे देय, कारण त्याच्यासाठीं वेळ राखून ठेविलेला असतो. हें कलम ग्राहकास खटकतें. तेंच आधीं वाचून दाखवावें. "घरच्यासारखें चालूं द्या, कागद कशाला?" असें कोणी म्हणालें, तर मी तरी सावध होईन. अनोळखी ग्राहकाशीं प्रथम दोन-तीन सुटीं कामें करून पाहावीं. करार मोडण्यास उभयपक्षीं एक महिन्याची सूचना पुरे.

पैसे महिन्याच्या आरंभींच घ्यावे. तरी थकलेच, तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा उपयोगी पडतो. त्यान्वये नोंदलेल्या सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाचे पैसे देण्यास पंचेचाळीस दिवसांहून अधिक मुदत करारानेंही ठेवतां येत नाहीं. पुढें रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज लागतें. ही नोंदणी 'उद्यम' या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, आणि ती काम घेण्यापूर्वींच केलेली बरी.