सशाचे पोट आणि घरातील शांतता



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांना ससा हा प्राणी नवा नाही. भीमाशंकरच्या परिसरात आणि माळरानांवर करड्या-तपकिरी रंगाचा रानससा आढळतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो संरक्षित असून त्याला धरून घरी पाळता येत नाही. मुलांच्या हट्टाखातर बाजारातून घरी येणारा ससा वेगळ्या जातीचा आहे. त्याचे पूर्वज युरोपातील, बिळे करून राहणारे होते.

जैन कुटुंबात असा ससा येतो तो प्रेमाने आणि करुणेने. तरीही, काल सायंकाळी हुंदडणारा ससा आज कोपऱ्यात अंग आवळून बसला, काही खाईना, आणि उद्या गतप्राण झाला, असा दुःखद अनुभव कुटुंबांना येतो. ‘त्याचे आयुष्य तेवढेच’ असे म्हणून मनाची समजूत घातली जाते. वस्तुतः यांपैकी पुष्कळ मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. त्यासाठी सशाचे पोट आणि सशाचे भय या दोन्ही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

सशाची पचनसंस्था अखंड चालणाऱ्या घाण्यासारखी आहे. तंतुमय गवत सतत आत जात राहिले, तरच आतड्याची हालचाल चालू राहते. लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते. तिच्यातील असंख्य सूक्ष्मजीव गवताचे तंतू आंबवतात. त्यातून तयार झालेल्या मऊ, चकचकीत लेंड्या ससा स्वतःच पुन्हा खातो व त्यांतील जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळवतो. हा रोग नव्हे, ही निसर्गाची योजना आहे. त्याला रागावू नये. शिवाय सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चावण्यानेच ते झिजतात.

म्हणून सशाच्या आहारात सर्वांत मोठा वाटा वाळलेल्या गवताचा असावा. आपल्या भागात डोंगरउतारावरचे गवत, मारवेल, हरळी सहज मिळते. फवारणी झालेल्या बांधावरचे मात्र घेऊ नये. गाईंसाठी लावलेला लसूणघास मोठ्या सशाला रोज भरपूर देऊ नये, कारण त्यात चुना फार असतो. सातगाव पठारावरचा बटाटा, ओतूरचा कांदा आणि नारायणगावच्या टोमॅटोचा पाला, ही आपल्या भागाची ओळख असलेली पिकेही सशाला अपायकारक आहेत. पोळी, भात, बिस्किटे आणि गूळ यांनी अंधांत्रातील सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडतो. ससा म्हटला की गाजर, ही समजूतही चित्रांतून आलेली आहे. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात गाजर आले नाही, तर सशाचे काहीच अडत नाही.

आणखी दोन गोष्टी जैन घरांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. ससा पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री अधिक खातो. घरात चौविहार पाळला जात असला, तरी सशापुढचे गवत व पाणी सूर्यास्तानंतर उचलू नये. तसेच पर्युषणात वा तिथीला घरात हिरवा भाजीपाला येत नसेल, तर सशापुढे गवत भरपूर राहील हे पाहावे. पर्व संपताच एकदम मोठी पेंडी न घालता हिरवा पाला थोडाथोडा वाढवावा.

आता भयाविषयी. १८९७ च्या सुमारास अमेरिकेतील वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर अस्वस्थ झाले की ती हालचाल थांबे. शांत झाले की पुन्हा सुरू होई. भयाच्या क्षणी शरीर पळण्याची तयारी करते आणि पचन बाजूला ठेवते. सशासारख्या सदैव सावध प्राण्यात हे विशेष घडते. कुत्र्याचे भुंकणे, दिवाळीचे फटाके, वरातीचा बँड किंवा रात्री अंगणात आलेला बिबट्या, यांनी पिंजऱ्याला स्पर्शही केला नाही, तरी सशाचे आतडे मंदावू शकते. आतडे मंदावले की वायू साठतो, वेदना होतात, वेदनेमुळे ससा खात नाही आणि न खाल्ल्याने आतडे अधिकच थांबते.

पाळणाऱ्याच्या मनःस्थितीचा यात संबंध आहे काय? घरात आजारपण असते, परीक्षा असते, व्यापारातील चिंता असते, कधी दुःखद वियोग असतो. मनातली चिंता सशाला जशीच्या तशी कळते, असे म्हणण्याची आवश्यकता नाही. बदललेले वर्तन मात्र त्याच्यापर्यंत निश्चित पोहोचते. आवाज चढतात, हात घाईने उचलतात, गवताची वेळ चुकते, पिंजरा दुसऱ्या खोलीत हलतो. याची उलट बाजूही आहे. १९८० साली रॉबर्ट नेरेम व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले. अतिचरबीयुक्त आहार दिलेल्या सशांपैकी ज्यांना नियमितपणे कुरवाळले व ज्यांच्याशी बोलले गेले, त्यांच्या रक्तवाहिन्यांतील दोष इतरांपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक प्रमाणात कमी आढळला. असे प्रयोग अहिंसाप्रेमी मनाला क्लेश देतात. परंतु मायेच्या हाताचा परिणाम शरीरात खोलवर होतो, एवढे त्यांतून उमगते.

म्हणून घरावर संकट असेल तेव्हा सशाची जबाबदारी कुटुंबातील एका शांत व्यक्तीकडे सोपवावी. पिंजरा रात्री घरात, ओळखीच्या जागी असावा व आत लपण्यासाठी एक खोके असावे. सशाला उचलण्यापेक्षा त्याच्याजवळ जमिनीवर बसावे. रोज सकाळी लेंड्या पाहाव्यात. त्या लहान, कमी वा बंद झाल्या, ससा दात करकरा वाजवू लागला किंवा १० ते १२ तास काही खाल्ले नाही, तर तो तातडीचा प्रसंग समजावा. ओवा-हिंगाचे उपाय करीत वेळ घालवू नये. माणसांसाठीची प्रतिजैविके तर मुळीच देऊ नयेत; ॲमॉक्सिसिलिनसारखे औषध तोंडावाटे दिल्यास सशाच्या जिवावर बेतते. विलंब न करता पशुवैद्यकांकडे जावे, आणि सशांच्या उपचारांचा अनुभव असलेले डॉक्टर कोठे आहेत, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

ज्ञाताधर्मकथेतील मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा सर्वांना परिचित आहे. वणव्याच्या वेळी हत्तीने अंग खाजविण्यासाठी पाय उचलला, तोच त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. हत्तीने अडीच दिवस पाय अधांतरी ठेवला. त्याने सशाला जवळ ओढले नाही, त्याच्यासाठी खाद्य आणले नाही. तो केवळ स्थिर राहिला आणि सशाला निर्भय जागा मिळाली. घरातील सशाला गवत, पाणी आणि वेळेवर औषध तर हवेच. त्याबरोबर आपले पाऊल जपून ठेवणारे कुटुंबही हवे. प्रत्येक घरी ते त्याला लाभो.

जय जिनेंद्र!