रक्तदाबाचा एकच आकडा पुरेसा आहे काय?



बेला, जैनथ या बाजूच्या खेड्यांतून मोटारीने आदिलाबादेस आलेला मनुष्य धापा टाकीत दवाखान्याच्या पायऱ्या चढतो. चहा नुकताच झालेला असतो, आणि बसताक्षणीच त्याच्या दंडाला पट्टा आवळला जातो. निघणारा आकडा खोटा नसतो. परंतु तो त्या क्षणाचा असतो. त्यावरून पुढील दहा वर्षांचे भाकीत करणे म्हणजे एका दिवसाच्या ढगांवरून साऱ्या पावसाळ्याचा अंदाज बांधणे होय.

दंडाला रबरी पट्टा बांधण्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली काढली. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी रोहिणीतील ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ठरविण्याची रीत दाखविली. यंत्रे बदलली, पट्टा मात्र राहिला.

कित्येकांचा दाब डॉक्टरांसमोर वाढतो आणि घरी उतरतो. याच्या उलटही घडते, आणि तेच अधिक घातक. कारण दवाखान्यात निर्धास्त ठरलेला मनुष्य औषधावाचून राहतो, नि एके दिवशी पक्षाघाताने अंथरुणाला खिळतो. निरोगी माणसाचा दाब झोपेत दहा ते वीस टक्के उतरतो. ज्याचा उतरत नाही, त्याच्या हृदयाला व मूत्रपिंडांना विसावा कसला? स्पेनमधील सुमारे ५९ हजार रुग्णांचा अभ्यास २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या धोक्याची सूचना दवाखान्यातील आकड्यापेक्षा चोवीस तासांच्या मापनाने, विशेषतः रात्रीच्या दाबाने, अधिक नेमकी दिली.

चोवीस तासांचे यंत्र खेडोपाडी कोठून यावे? घरच्या यंत्रानेही पुष्कळ साधते. मात्र ते दंडावरचे असावे, मनगटावरचे नको. शेजारच्या दोन-चार घरांनी मिळून एक घेतले तरी चालेल. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे. आधी अर्धा तास चहा-तंबाखू वर्ज्य. सकाळ-संध्याकाळ दोनदोन वेळा, सात दिवस मोजावे, पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा; घरी ती १३५/८५ समजावी.

आपल्याकडची थंडी किती कडक असते, हे आपण जाणताच. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात नि दाब चढतो. उन्हाळ्यात तो उतरतो. म्हणून पौषातील गोळी वैशाखात जड होऊन चक्कर येऊ शकते. अशा वेळी गोळी आपल्याच मनाने बंद करू नये. आकड्यांची वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. किती कमी करावयाचे, ते तीच वही पाहून सांगतील.