ताणा, बाक आणि धाव

'चाक' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुंभाराला मडकं घडवायचं चाक दिसेल, जुन्या शेतकऱ्याला मोटेचं, तर कारखान्यातल्या कामगाराला हत्यारांना धार लावायचं. शब्द एकच, पण धंदा बदलला की अर्थ बदलतो. हे मी एका विद्यार्थ्याकडून शिकलो, आणि तेही त्याला दुखावून.

गोष्ट १९७४ सालची. नगरमधल्या एका संस्थेत मी फिटरच्या मुलांना शिकवत होतो. चाचणीत एक प्रश्न घातला : 'चाकाचे वार्पिंग टाळण्यासाठी काय कराल?' मला अपेक्षित होता चाकाला येणारा बाक. एका मुलाने मात्र पानभर ताण्याबद्दल लिहिलं. लाकडी चाकावर सूत कसं गुंडाळायचं, कांड्या कशा मांडायच्या आणि शेवटी, 'सगळ्या धाग्यांचा ताण सारखा हवा, नाहीतर कापड बिघडते.' मी ते वर्गात मोठ्याने वाचलं. मुलं हसली, मीही हसलो आणि शून्य गुण दिले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा येईना.

चार दिवसांनी मी तोफखान्यात त्याच्या घरी गेलो. घर पद्मशाली विणकरांचं. नगरला मागाची परंपरा जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी इथेच सुधारित हातमाग तयार केला. तो 'चर्चिल लूम' म्हणून ओळखला गेला. मागाचा वेग वाढला, तरी त्याआधी उभे धागे एका लांबीचे आणि एका ताणाचे करून घ्यावेच लागतात. तेच काम त्या घरात चाललं होतं. माणसाच्या उंचीचं लाकडी चाक मुलाची आई फिरवत होती.

"मास्तर, याला गिरणीत वार्पिंगच म्हणतात ना?" तिने विचारलं. मला उत्तर देता येईना.

पुढे शब्दकोश चाळला. इंग्रजीतल्या या शब्दाचं मूळ 'फेकणे' या अर्थाच्या जुन्या क्रियापदात आहे. मागावर लांबवर टाकलेले उभे धागे तो ताणा आणि फळी आकाराबाहेर गेली की तो बाक. आपल्याकडे 'धाव' शब्दाचं असंच आहे. लोहाराची धाव म्हणजे गाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात तापली की ती पसरते, मग चाकावर चढवून वर पाणी ओततात. आवळताना ती तुंबा, आरे सगळं घट्ट धरते. मोटेची धाव म्हणजे विहिरीकाठचा तो उतार, ज्यावरून बैल मोट ओढत खाली जात. आणि पोरांची धाव क्रिकेटची!

पण खरा धक्का मला सायकलच्या दुकानात बसला. चाकाला 'आउट' आला होता. मिस्त्री ते फिरवून बघत होता. रिंग डावीकडे झुकली की उजवीकडचे आरे आवळायचे, डावीकडचे जरा सैल करायचे. मी विचारलं, "आउट कशाने येतो?" तो म्हणाला, "साहेब, आऱ्यांचा ताण सारखा राहिला नाही की येतो."

म्हणजे 'धागा' खोडून 'आरा' लिहिलं असतं, तर आऱ्यांच्या चाकापुरतं त्या मुलाचं उत्तर बरोबर होतं.

मी वर्गात चूक कबूल केली. त्याची उत्तरपत्रिका पुन्हा वाचली, या वेळी समजावून देत. मुलगा परत आला, वर्ष पुरं केलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक पथ्य पाळलं. कुणाचं उत्तर चमत्कारिक वाटलं, की गुण देण्याआधी विचारायचं, "बाळ, तुझ्या घरी काय काम चालतं?"