रूपाचा नमुना

मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यांत वसलेली सांगवी हें एके काळीं शेतकऱ्यांचें गांव होतें. आतां तें पिंपरी-चिंचवड शहरांत मिसळून गेलें आहे. जुनी सांगवी आणि नवी सांगवी अशीं त्याचीं दोन अंगें झालीं आहेत. तेथील बाजाराच्या रस्त्यानें जाणाऱ्यास किराणा-भुसाराच्या दुकानांच्या रांगेंतच ब्यूटी पार्लरचे फलक दिसतात. फलकावर बहुधा एका तरुणीचा चेहरा असतो. तो चेहरा सांगवींतल्या कोणाचा नसतो. पुष्कळदां या देशांतल्याहि कोणाचा नसतो. गौर कांति, निमुळती हनुवटी, आणि डागाचा मागमूसहि नसलेली त्वचा. त्या फलकाखालून रोज शाळेंत जाणारी मुलगी त्याच्याकडे मुद्दाम थांबून पाहत नाहीं. तरीहि घरीं आरशापुढें उभी राहिल्यावर तिच्या मनांत जी तुलना चालते, तिची दुसरी बाजू तोच चेहरा पुरवितो.

श्रोतेहो, ‘मॉडेल’ हा शब्द मराठींत आतां चांगला रुळला आहे. त्याचा साधा अर्थ नमुना. शिंपी कागदाचा नमुना कापडावर ठेवतो आणि नमुन्याबाहेर राहिलेलें कापड कातरून टाकतो. नमुना माणसावर ठेवला म्हणजे काय कातरलें जातें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मराठी घरांतील या नमुन्याची कथा बरीच जुनी आहे आणि तिचा एक मुक्काम सांगवीपासून फार दूर नाहीं. दापोडी स्थानकावर लोणावळ्याची गाडी धरली कीं सुमारें तासाभरानें मळवली येतें. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत गिरगांवांत काढलेला शिळाछापखाना पुढें पांचएक वर्षांनीं या मळवलीस आला. चित्रांतील एकेका रंगासाठीं एकेक दगड तयार करावयाचा आणि एकाच कागदावर ते रंग एकामागून एक उतरवावयाचे, अशी त्या छपाईची रीत. १९०१ सालीं तो छापखाना फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. पण रविवर्म्यांचीं चित्रें छापलीं जातच राहिलीं आणि वाड्यांत, चाळींत, दुकानांत, खेड्यांतल्या ओसरीवर जाऊन पोंचलीं.

त्यापूर्वीं सामान्य कुटुंबांतील देवी म्हणजे देव्हाऱ्यांतला टाक किंवा देवळांतली पाषाणमूर्ति. तिला चेहरा होता, पण तो शेजारणीच्या चेहऱ्याशीं ताडून पाहावा असा नव्हता. रविवर्म्यांच्या लक्ष्मीला आणि सरस्वतीला मात्र हाडामांसाचे खांदे आले, पाणीदार डोळे आले, अंगावर काठपदरी वस्त्र आलें. देवी घरांतल्या बाईसारखी दिसूं लागली. आणि त्याचा दुसरा परिणाम असा कीं, घरांतल्या बाईनें त्या देवीसारखें दिसावें ही अपेक्षाहि भिंतीवर टांगली गेली. ज्यांच्यावरून हीं रूपें घेतलीं, त्यांची हकीकत मोठी बोलकी आहे. कुलीन घरची स्त्री परक्या चित्रकारापुढें तासन् तास बसणें त्या काळीं अशक्यच. तेव्हां बसावयास येत त्या बहुधा गायिका आणि कलावंतिणी. प्रसिद्ध गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्या रूपावरूनहि रविवर्म्यांनीं चित्रें रेखाटल्याचें सांगतात. ज्या वर्गांतील स्त्रीला सोंवळ्या घराच्या माजघरांत पाऊल टाकतां येत नव्हतें, तिच्याच मुद्रेला त्या घरांत हळदकुंकू वाहिलें जात होतें.

आणखी एक गोष्ट त्या छापील रंगांनीं केली. देवीचा वर्ण एकदां गोरा छापला गेला, तो तसाच राहिला. वास्तविक महाराष्ट्राचें आराध्य दैवत काळें आहे. विठोबाच्या सावळेपणाचें वर्णन करतांना संतांची वाणी थकत नाहीं. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डी, पिंपरी, कासारवाडी, दापोडी अशी सांगवीच्या अगदीं शेजारून पुण्यास जाते, आणि त्या काळ्या देवाच्या दर्शनास निघालेल्या दिंड्यांना पाणी देण्यासाठीं घरोघरचीं माणसें रस्त्यावर उभीं राहतात. त्याच घरांत उपवर मुलासाठीं स्थळ पाहतांना पहिली अट असते ती ‘गोरी’. या विसंगतीचें कोणाला कांहीं वाटत नाहीं, हेंच नमुन्याचें सामर्थ्य म्हणावयाचें.

परंतु मराठी स्त्रीच्या वेषभूषेवर ज्या एका व्यक्तीनें सर्वांत खोल ठसा उमटविला, ती व्यक्ति स्त्री नव्हती. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळींत शिरले. १९११ सालीं ‘मानापमाना’तील भामिनी, १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळीची स्थापना, १९१६ सालीं ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी, १९१९ सालीं ‘एकच प्याल्या’तील सिंधु, अशी ती चढती कमान. त्यांच्या गाण्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांच्या पदराविषयीं तितकें लिहिलें गेलेलें नाहीं, आणि घरोघरच्या स्त्रियांनीं अभ्यास केला तो पदराचा. लुगडें कसें चापूनचोपून नेसावें, पदर खांद्यावरून किती उतरावा, अंबाड्यावर गजरा कोणत्या बाजूस माळावा, नथ कशी शोभावी, हें सारें नाट्यगृहांतून घरांत आलें. त्यांचे शालू उंची असत, अत्तरें उंची असत. त्या हौसेपायीं मंडळी कर्जांत बुडाली, ही गोष्ट वेगळी. त्यांचीं स्त्रीवेषांतील छायाचित्रें लोकांनीं घरांत लावलीं, आणि साबणासारख्या वस्तू खपविण्यासाठीं व्यापाऱ्यांनीं त्यांच्या रूपाचा उपयोग केला. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर मराठी बाजारपेठेंतील हें पहिलें मोठें मॉडेल.

पुरुषानें स्त्रीला स्त्रीपण शिकवावें, हें आज ऐकतांना चमत्कारिक वाटतें. पण त्यांत एक बारकावा आहे. बालगंधर्वांपाशीं जें स्त्रीचें होतें, तें सारेंच्या सारें कमावलेलें होतें. मान वळविण्याची ढब, पावलाचा हळुवारपणा, पदर सांवरणारीं बोटें, यांतलें जन्मानें मिळालेलें कांहींच नव्हतें. जें एकानें अभ्यासानें मिळविलें, तें दुसरीलाहि अभ्यासानें मिळविणें शक्य होतें. नाटक पाहून घरीं आलेली गृहिणी काळी असो, ठेंगणी असो कीं स्थूल असो, तिला तो पदर घेतां येई, तो गजरा माळतां येई. तो नमुना तिला कांहींतरी करावयास सांगे; तूं निराळ्या हाडाची असावयास हवी होतीस, असें सांगत नसे.

म्हणून तो नमुना निर्दोष होता असें नव्हे. त्यांत शेतांत राबणारी बाई नव्हती, गिरणींत जाणारी बाई नव्हती. आणि सोसण्यालाच शोभा मानणारी सिंधु त्याच्या केंद्रस्थानीं होती. शिवाय खऱ्या स्त्रियांना रंगभूमीची वाट बंद ठेवून हा आदर्श उभा राहिला होता. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलें, आणि त्यांत ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक यांनीं कामें केलीं, तेव्हां मराठी प्रेक्षकांना नव्या नाटकांत कुलीन स्त्री स्त्रीच्या भूमिकेंत दिसली. आणि नमुन्याची तरवार अखेर खुद्द बालगंधर्वांवरहि चालली. पन्नाशी उलटल्यावर, देह सुटल्यावर, ते तरुण नायिका होऊन उभे राहत. ज्या प्रेक्षकांना त्यांनींच रूपाची चटक लाविली होती, ते त्यांच्या पोटाकडे पाहूं लागले. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ बोलपटांत ते एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेंत आले, तर लोकांना तेंहि रुचेना. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरांत गोपाळ देऊस्कर यांनीं काढलेलीं त्यांचीं दोन भव्य तैलचित्रें आहेत, एक पुरुषवेषांतलें आणि एक स्त्रीवेषांतलें. पाहणाऱ्याचे पाय कोणत्या चित्रापुढें अधिक वेळ रेंगाळतात, हें सांगावयास नकोच.

बोलपटानें नमुना जवळ आणला. रंगभूमीवरचा चेहरा पंचवीस हातांवरून दिसे. पडद्यावर नुसता गाल भिंतीएवढा झाला. १९४१ सालीं लक्स साबणाच्या जाहिरातींत लीला चिटणीस झळकल्या. तोंवर त्या साबणासाठीं हॉलिवुडच्या नट्या पुढें केल्या जात; हा मान मिळविणारी पहिली भारतीय नटी मराठी होती, आणि पदवीधर होती. या जाहिरातीनें नवा सूर लाविला. नट्यांच्या लुगड्याची नक्कल करा असें ती सांगत नव्हती. नटीची त्वचा वडीच्या किंमतींत मिळेल, असें सुचवीत होती. मुंबईंत इब्राहिम पाटणवाला यांचें ‘अफगाण स्नो’ त्याआधींच घरोघर गेलें होतें. १९७५ सालीं ‘फेअर अँड लव्हली’ आलें, आणि गोरेपणा ही नळींत भरून विकावयाची वस्तू झाली. सावळी मुलगी खिन्न, मलम लाविल्यावर उजळ, आणि उजळतांच नोकरी किंवा नवरा, हें कथानक या जातीच्या जाहिरातींनीं वर्षानुवर्षें सांगितलें. २०१४ सालीं जाहिरातींच्या नियमनासाठीं असलेल्या भारतीय परिषदेनें, सावळ्या माणसाला हीन किंवा दुःखी दाखवूं नये, असा दंडक घातला. २०२० सालीं त्या मलमाच्या नांवांतील ‘फेअर’ हा शब्द जाऊन तेथें ‘ग्लो’ आला.

मूळ मुद्दा येथें आहे. पदर घेतां येतो. नाकाचें हाड, पायांची लांबी, कातडीचा वर्ण घेतां येत नाहीं. १९९१ नंतर परदेशी माल आणि परदेशी वाहिन्या देशांत आल्या, १९९४ सालीं सुश्मिता सेन व ऐश्वर्या राय यांनीं एकाच वर्षीं जगांतील दोन मुकुट आणले, आणि मॉडेलचा धंदा मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठित झाला. त्याबरोबर नमुनाहि वस्त्राकडून देहाकडे सरकला. जें पूर्वीं शिकावयाचें होतें, तें आतां असावयास हवें होतें. जें असावयास हवें आणि नाहीं, त्याबद्दल मनांत उरते ती फक्त लाज.

या लाजेचें मोजमाप एकदां दूरच्या बेटांवर झालें. फिजी बेटांतील एका प्रांतांत १९९५ सालीं दूरदर्शन पोंचलें. भरदार शरीर ही तेथें निगा राखल्याची, पोटभर खाल्ल्याची खूण मानीत. हार्वर्डच्या अॅन बेकर यांनीं तेथील शाळकरी मुलींची पाहणी दूरदर्शन आल्या आल्या केली, आणि पुन्हां १९९८ सालीं केली. वजन घटविण्यासाठीं मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी पहिल्या वेळीं एकहि आढळली नाहीं. दुसऱ्या वेळीं शंभरांत अकरांहून अधिक निघाल्या. चौघींपैकीं जवळजवळ तिघींना आपण जाड आहोंत असें वाटूं लागलें होतें. पाहणी लहान होती, दोन्ही वेळीं साठ-पासष्ट मुलींची. तेव्हां तिच्यावर फार मोठा डोलारा रचूं नये. पण तीन वर्षें हा काळहि फार नव्हे.

आणि ज्या देहाशीं तुलना करावयाची, तो देह तरी कोठें असतो? छायाचित्र टिपल्यानंतर संगणकावर कंबर आवळली जाते, मान लांबविली जाते, त्वचा घांसूनपुसून घेतली जाते. स्वतः त्या मॉडेललाहि आरशांत तें रूप दिसत नाहीं. फ्रान्समध्यें २०१७ च्या ऑक्टोबरपासून, देह बारीक किंवा जाड करून दाखविलेल्या जाहिरातीवर तसें छापण्याची सक्ति झाली. मॉडेलनें प्रकृति ठीक असल्याचा वैद्याचा दाखला आणावा असाहि तेथें नियम आहे. भारतांत असा कायदा नाहीं. येथें तर ती कारागिरी आतां प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनवर आली आहे. बोट फिरवितांच चेहरा उजळतो, गाल निमुळते होतात. सांगवींतल्या मुलीची स्पर्धा पूर्वीं फलकावरच्या परकीशीं होती. ती आतां तिच्याच सुधारलेल्या छायाचित्राशीं सुरू झाली आहे. लग्नाच्या दिवशीं रंगरंगोटी करवून घेतांना नवरी आपल्याच छायाचित्राकडे बोट दाखवून ‘अशी दिसूं द्या’ म्हणते, यांत विनोद आहे, पण हंसूं येत नाहीं.

यांत पालकांचा वांटा कमी नाहीं. ‘उन्हांत जाऊं नकोस, काळी पडशील,’ हें वाक्य कोणत्याहि जाहिरातदारानें शिकविलेलें नाहीं. तें आजीनें आईला आणि आईनें मुलीला सांगितलें आहे. जाहिरातीनें त्यावर व्याज घेतलें, इतकेंच. या एका वाक्यापायीं किती मुली बाराव्या-तेराव्या वर्षीं मैदान सोडतात! आणि जें शरीर धांवतें, उडी मारतें, दमतें, त्याला निराळी किंमत असूं शकते, हा अनुभव मैदानाबरोबरच सुटतो.

नागपुरांत जन्मलेल्या मधु सप्रे ही मूळची खेळाडू मुलगी. १९९२ सालीं बँकॉक येथें झालेल्या विश्वसुंदरी स्पर्धेंत ती तिसरी आली. देशाचें नेतृत्व हातीं आलें तर काय कराल, असा प्रश्न तिला शेवटच्या फेरींत विचारला होता. दारिद्र्याचें नांव घेतलें असतें तर परीक्षक खूष झाले असते, असें पुढें पुष्कळांनीं म्हटलें. तिनें सांगितलें, मोठें क्रीडांगण बांधीन. लोक त्या उत्तराला हंसले, आणि त्यापायीं तिचा मुकुट हुकला असें आजहि सांगतात.

सांगवीपासून कांहीं मैलांवर, म्हाळुंगे-बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं बांधलेलें शिवछत्रपति क्रीडासंकुल आहे. उन्हाळ्याच्या सुट्टींत तेथील शिबिरांसाठीं नांवें नोंदविलीं जातात; मुलीचें नांव घालण्यापूर्वीं घरांत एकदां उन्हाची चर्चा होते.