रिकामं सभागृह

आमच्या काशीगावाला लोक अजून गाव म्हणतात, पण इथे ग्रामसभा भरत नाही. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. गावाचं गाऱ्हाणं ऐकायला उरला तो नगरसेवक. बरा असो, वाईट असो, ज्याचं दार वाजवता येईल असा माणूस.

ऑगस्ट २०२२ मध्ये अशा ९५ जणांची मुदत संपली. कुणी सभागृहाला टाळं ठोकलं नाही. प्रभागरचना, इतर मागासवर्गीयांचं आरक्षण, न्यायालयातली तारीख, एकेक कारण सुटं पाहिलं तर पटण्याजोगंच होतं. निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ रोजी. राज्यघटनेचं कलम २४३-यू मात्र सांगतं की मुदत पाच वर्षांची, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पार पडली पाहिजे.

मधली तीन वर्षं आणि वर काही महिने प्रशासकाचा कारभार होता. एरवी आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडायचं आणि स्थायी समितीनं, महासभेनं त्याची चिरफाड करायची, ही रीत. प्रशासकाच्या काळात मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. तो अधिकारी कर्तबगार असेल, सचोटीचाही असेल. पण "हा खर्च कशाला?" म्हणून उठून उभं राहणारं समोर कुणी नव्हतं.

आणीबाणीत मी लहान होतो. १९७६ मध्ये लोकसभेची मुदत कायदा करून वाढवली गेली. ते सगळ्यांना दिसलं, आणि १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून उत्तर दिलं. इथे कुणाची मुदत वाढली नाही, त्यामुळे काही खटकलंही नाही. गटार साफ होत होतं, रस्त्यावरचे दिवे लागत होते. चहाच्या टपरीवर मीच एकदा म्हणालो होतो, "नगरसेवक नाहीत तेच बरं, कटकट गेली." मी, कविसंमेलनांत लोकशाहीवर कविता वाचून टाळ्या घेणारा माणूस!

आमचा धाकटा ऑक्टोबर २०१७ मध्ये अठरा वर्षांचा झाला. त्या ऑगस्टमधली पालिकेची निवडणूक दोन महिन्यांनी हुकली. नगरसेवकासाठी त्यानं पहिलं मत दिलं ते सव्वीस पूर्ण झाल्यावर. मतदान करून आम्ही दोघं घरी चालत निघालो.

"अब्बा, चार जणांना मतं दिली खरी. पण हे लोक करतात काय?"

मी आधी गटारं म्हणालो, मग दिवे.

"ते तर चालूच होतं की," तो म्हणाला.