नव्या गाडीचा पाळीचा ताप

तापाचे दोन प्रकार जुन्या माणसांच्या बोलण्यात नेहमी येत. एक अंगात ठाण मांडून बसणारा आणि दुसरा पाळीने येणारा. पहिला भयंकर खरा, परंतु तो लपत नसे. पाळीचा ताप मात्र कावेबाज. रोग्याने हुडहुडी भरून रात्र तळमळत काढावी आणि सकाळी वैद्याने नाडी पाहावी, तो अंग थंडगार! घरच्यांच्या सांगण्यावर भरवसा ठेवावा, तर समोर लक्षण नाही. न ठेवावा, तर रोगी हातचा जाण्याची धास्ती. यंत्रांनाही असा पाळीचा ताप येत असतो. आणि ज्या वाहनात घरची माणसे बसवून महामार्गाने जावयाचे, त्याच्या स्टिअरिंगलाच तो आला, म्हणजे प्रश्न केवळ दुरुस्तीचा राहत नाही.

इंदुरास स्थायिक झालेला एक मराठी गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. पन्नाशी जवळ आलेली. बरीच वर्षे पैसा साठवून, उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढून, त्याने आयुष्यातील पहिली नवी गाडी घेतली आहे. गाडी दाराशी उभी राहिली त्या दिवशी पत्नीने तिला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली. मुलीने शिकाऊ परवाना काढला आहे. बाबांच्या हाताला गाडी बसली की तिने शिकावयाचे, असे ठरले आहे. महिन्याच्या आत धुळ्यास एक लग्न निघाले आणि सारे कुटुंब नव्या गाडीने निघाले.

खलघाटास नर्मदा ओलांडली. पुढे निमाडातील सरळ रस्ता. तासभर गाडी एका रेषेत धावत होती. एका मालमोटारीशेजारून जाताना गृहस्थाने स्टिअरिंग किंचित वळवू पाहिले, तो ते जागच्या जागी चिकटल्यासारखे झाले. त्याने थोडा अधिक जोर केला. पकड एकदम सुटली आणि गाडी हवी होती त्याहून हातभर अधिक सरकली. मालमोटारीच्या चालकाने भोंगा वाजविला. मागून पत्नी म्हणाली, “अहो, लक्ष कुठे आहे तुमचे?” गृहस्थाने उत्तर दिले नाही. लक्ष रस्त्यावरच होते. पण हे सिद्ध कशाने करावे?

परतीच्या वाटेवर तोच अनुभव पुन्हा एकदा आला. मग दहा दिवस काही नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली, तेव्हा तेथील मनुष्याने ती अर्धा किलोमीटर फिरवून आणली, संगणकाची वायर जोडून पाहिली आणि जॉबकार्डावर तीन शब्द लिहिले : “दोष आढळला नाही.” वर समजूतही घातली, “साहेब, नवीन गाडी आहे. हाताला सवय व्हायला वेळ लागतो.” बोलणे अदबीचे होते, परंतु त्याचा अर्थ इतकाच, की दोष गाडीत नसून साहेबांच्या हातात आहे. आणि खेदाची गोष्ट अशी, की चार दिवसांनी साहेबांनाही तसेच वाटू लागले.

अशा प्रसंगी एक भेद मनात पक्का असावा लागतो. ‘दोष आढळला नाही’ आणि ‘दोष नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिल्या विधानात पाहणाऱ्याने केव्हा, किती वेळ आणि कोणत्या परिस्थितीत पाहिले, एवढेच सांगितलेले असते. तासभर सरळ धावल्यावर येणारा ताप अर्ध्या किलोमीटरच्या फेरीत कसा दिसावा?

हा भेद समजण्यासाठी आजच्या स्टिअरिंगची रचना थोडी जाणून घेतली पाहिजे. अँबॅसडर गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. तिच्यासारख्या जुन्या गाड्यांत, साधारणपणे, चालकाच्या दंडाचाच जोर पुढच्या चाकांपर्यंत पोहोचे. स्टिअरिंग जड असे, पण प्रामाणिक असे. काही बिघडले, तर ते रोज बिघडलेले असे आणि कोपऱ्यावरचा मिस्त्रीही चाक हलवून ते सांगे. तेलाच्या दाबाने चालकाला साहाय्य करणारे पॉवर स्टिअरिंग अमेरिकेत १९५१ साली क्रायस्लर इंपीरियल या गाडीतून बाजारात आले. विजेच्या साहाय्याचे स्टिअरिंग १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत बसविण्यात आले. आज नव्या गाड्यांत बहुधा हीच विजेची रचना असते.

तिचे कार्य असे चालते. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. चालकाने चाक वळविले, की या सळईला किंचित पीळ बसतो. तो पीळ सेन्सर मोजतो. गाडीचा वेग आणि हा पीळ पाहून एक छोटा संगणक किती साहाय्य द्यावयाचे ते ठरवितो आणि इलेक्ट्रिक मोटरला तशी आज्ञा देतो. गाडी उभी करताना साहाय्य भरपूर, महामार्गावर वेगात असताना थोडे. कित्येक गाड्यांत मोटरचा जोर स्टिअरिंगपर्यंत नेण्याचे काम एक मळसूत्री दांडा आणि त्यात अडकलेले दातेरी चाक करीत असते. म्हणजे चालकाचा हात आणि रस्ता यांच्यामध्ये आता सेन्सर, संगणक, मोटर, वायरी, बॅटरी आणि दाते इतकी मंडळी येऊन बसली आहेत. त्यांपैकी कोणी एक क्षणभर डुलकी घेतली, तरी ती चालकाच्या हाताला कळते; आणि डुलकी संपल्यावर जो तो आपल्या जागी पूर्ववत् जागा असतो.

नियतकालिक दोषाची कारणे म्हणूनच पुष्कळ संभवतात. बॅटरीच्या टोकावरची पकड ढिली असेल, अर्थिंगची वायर नीट बसली नसेल किंवा एखाद्या जोडात ओल शिरली असेल, तर खड्ड्याच्या हादऱ्याने वीज क्षणभर तुटते, साहाय्य थांबते आणि स्टिअरिंग जड होते. सेन्सर सदोष असेल, तर संगणकास चुकीची वार्ता पोहोचते. स्टिअरिंगच्या दांड्यावरील सांधा आखडत असेल, तर विशिष्ट कोनातच अडखळा जाणवतो. कधी दोष स्टिअरिंगचा नसतोच; टायरमधील हवा दोन बाजूंस कमीअधिक असते. आणि ज्या गाड्यांत पट्टीबाहेर जाताच कॅमेऱ्याच्या मदतीने चाक आपोआप परत वळविण्याची सोय असते, त्यांत ते नकळत हलले तर पुष्कळांना तो बिघाड वाटतो. ही सोय बंद करून पाहिली, की शंका फिटते.

परंतु चाक सरळ रेषेतच चिकटावे आणि मग झटक्याने सुटावे, हे लक्षण या सर्वांहून निराळे आहे. अमेरिकेत घडलेले एक प्रकरण या बाबतीत फार बोधप्रद आहे. होंडा कंपनीच्या २०२२ सालापासूनच्या सिव्हिक गाड्यांबद्दल तेथील मालक तक्रार करू लागले, की महामार्गावर बराच वेळ सरळ गेल्यानंतर स्टिअरिंग क्षणभर अडते व जोर केल्यास गाडी प्रमाणाबाहेर वळते. गाड्या नव्या होत्या. पुष्कळशा फारशा धावलेल्याही नव्हत्या. तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने चौकशी हाती घेतली, तेव्हा तक्रारींची संख्या होती अवघी १४५. लाखो गाड्यांच्या मानाने हा आकडा किती क्षुल्लक! परंतु १४५ अपरिचित माणसांनी, एकमेकांशी न बोलता, एकच लक्षण सांगितले होते. चौकशी वाढत गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने अमेरिकेतील सुमारे १७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. कारण उघड झाले ते असे : स्टिअरिंगमधील दातेरी चाकाच्या घडणीत उणीव राहिली होती, त्यामुळे उष्णतेने व दमटपणाने ते फुगे; शिवाय मळसूत्राला त्याच्याशी दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा ताणही योग्य ठेवला गेला नव्हता. घर्षण वाढे आणि चाक अडखळे. उपाय काय, तर स्प्रिंग बदलणे आणि ग्रीस नव्याने भरणे!

उपाय एवढा लहान आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट एवढी लांब. ही वाट कापली गेली ती कोणा एका कुशल मेकॅनिकमुळे नव्हे. ज्यांना आपापल्या सर्व्हिस सेंटरमधून बहुधा समजूत घालूनच परत पाठविले गेले असते, अशा सामान्य माणसांनी आपला अनुभव लिहून काढला आणि तो योग्य ठिकाणी पोहोचविला, म्हणून. पाळीच्या तापावर पहिला उपाय नोंद हा आहे.

नोंद कशी असावी? ‘स्टिअरिंग बरोबर नाही’ ही तक्रार झाली, नोंद नव्हे. तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा, रस्ता, अंदाजे वेग, गाडी सुरू होऊन किती वेळ झाला होता, हवा उष्ण होती की पावसाळी, डॅशबोर्डवर दिवा लागला की नाही, गाडी बंद करून सुरू केल्यावर लक्षण गेले की राहिले, इतके लिहिले म्हणजे नोंद झाली. दिवा लागला, तर त्याचे छायाचित्र शेजारी बसलेल्याने घ्यावे, चालकाने नव्हे. दिवा विझला, तरी पुष्कळदा संगणकाच्या स्मृतीत त्या दोषाचा संकेतांक राहतो. म्हणून गाडी दाखविण्यापूर्वी कोणाच्या सांगण्यावरून बॅटरीची वायर काढून जोडू नये; त्याने ती स्मृती पुसली जाण्याचा संभव असतो. सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार तोंडी न सांगता लेखी द्यावी, जॉबकार्डावर ती स्वतःच्याच शब्दांत उतरली आहे हे पाहावे आणि प्रत्येक जॉबकार्डाची प्रत जपून ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मेकॅनिकला बरोबर घेऊन, ताप येतो त्याच परिस्थितीत गाडी चालवून दाखवावी.

दोष प्रत्यक्ष उद्भवेल तेव्हा काय करावे, हेही घरातील प्रत्येक चालकास माहीत हवे. विजेचे साहाय्य थांबले, तरी चालकाचा हात आणि पुढची चाके यांना जोडणारा दांडा या गाड्यांत बहुधा कायम असतो. चाक जड होते, पण वळते. ते दोन्ही हातांनी घट्ट धरावे, झटका न देता जोर वाढवावा, वेग कमी करीत गाडी कडेला घ्यावी. गाडी चालती असताना किल्ली मात्र कधीही फिरवून काढू नये. स्टिअरिंगला कुलूप बसले, तर उरलासुरला ताबाही जावयाचा. आणि लक्षण वारंवार दिसू लागले, तर निदान होईपर्यंत ती गाडी महामार्गावर नेऊ नये, नवशिक्याच्या हाती तर मुळीच देऊ नये.

भारतात आता कायदाही मालकाच्या पाठीशी काही अंशी उभा आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन सदोष गाड्या परत बोलाविण्याची आज्ञा देण्याचा अधिकार केंद्र सरकारास मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. सात वर्षांच्या आतील गाड्यांना ते लागू आहेत, आणि एकाच प्रकारच्या गाडीबद्दल ठराविक संख्येने तक्रारी नोंदल्या गेल्या की चौकशीचे चक्र फिरू लागते. तक्रार न नोंदवता केवळ हळहळणारा मालक त्या संख्येत मोजला जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तथापि अपेक्षा अवास्तव नसाव्यात. सदोष क्लचच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने, सदोष भाग बदलून देता येत असता संपूर्ण गाडीच बदलून मागता येणार नाही, अशी भूमिका घेतली. मागणी दुरुस्तीची, आणि पुराव्यासह असली, म्हणजे ती टिकते.

इंदूरच्या त्या गृहस्थाकडे वळावे. त्याने एक लहानशी वही केली. पहिल्या महिन्यात पाच नोंदी झाल्या. त्या एकाखाली एक वाचताना त्याच्या पत्नीच्याच प्रथम लक्षात आले, की पाचही वेळा गाडी चाळीस मिनिटांहून अधिक काळ सरळ रस्त्यावर धावली होती आणि पाचही वेळा दुपार होती. शहरात असे एकदाही घडले नव्हते. वही घेऊन तो पुन्हा सर्व्हिस सेंटरमध्ये गेला, आणि या वेळी गाडी तपासा असे न म्हणता, “दुपारी एक तास माझ्याबरोबर चला,” एवढेच म्हणाला. वही पाहून तेथील वरिष्ठ मेकॅनिक स्वतः आला. मानपुराच्या पुढे चाक त्याच्या हाती होते. थोड्या वेळाने त्याने वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि क्षणभर तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “साहेब, हे हाताचे काम नाही.”

स्टिअरिंगचा तो भाग वॉरंटीत बदलून मिळाला. त्यानंतर दोन महिने गृहस्थाने स्वतः गाडी लांबवर नेली, तेव्हा कुठे शिकाऊ परवान्याची किल्ली मुलीच्या हाती दिली. वही मात्र त्याने फेकली नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात ती अजून आहे, आणि तिच्या सहाव्या पानावर मुलीच्या अक्षरात तिच्या पहिल्या फेरीची तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेला आहे. पुढे फक्त दोन शब्द : “काही नाही.”

दोष आढळला नाही, असे म्हणण्याचा अधिकार ज्याने तो मनापासून शोधला त्यालाच असतो.